नारळ फोडलेला रॅम्प

ओल्या सिमेंटचा वास आला की आमच्या तालुक्यातली ती सरकारी कचेरी आठवते. नव्या रॅम्पचं नारळ फोडून उद्घाटन झालं आणि पहिला मान व्हीलचेअरवरच्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, मिळाला. पण त्या निलाजऱ्यांनी घरापुढं मोटारसायकल चढवायला करतात तसलाच खडा चढ थापला होता. निम्म्यावरून खुर्ची मागं घसरली. मी धरली म्हणून अक्का वाचली. "ह्यो रॅम्प न्हाई, निस्ता स्लोप हाय," ती म्हणाली. "दोन्ही एकच की," रॅम्प बांधून घेणारा इंजिनिअर खोबरं चघळत हसला. "मंग बसा खुर्चीत अन् चढून दावा," अक्का म्हणाली. तो बसला नाही. आज तिथल्या भिंतीवर व्हीलचेअरचं निळं चित्र आहे, त्याला खेटून साहेबांची मोटारसायकल उभी असते, आणि अक्का अजून खालूनच हाका मारते.