नव्व्याण्णवांपैकी एक

रत्नागिरीच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये उपदेशक मास्तरांच्या हाती बायबल असायचे ते उपासनेपुरते. त्याआधी तांब्या. रविवारी ते दारातल्या जांभ्याच्या पायरीवर उभे राहत आणि लाल मातीतून अनवाणी आलेल्या प्रत्येकाच्या पायांवर स्वतः पाणी घालत. मी मिशनच्या शाळेत शिकवत असे. मला याचा भारी राग यायचा. पुढाऱ्याने पुढाऱ्यासारखे राहू नये?

"शिष्यांचे पाय धुवायला प्रभूनं कमरेला पंचा बांधला गो, खुर्ची नाय मागितली," ते म्हणत. कपाळ माझे!

तेव्हा चर्चच्या मंडळीला पहिल्यांदाच इथला, आपला पाळक मिळायचा होता. मास्तरांना पाळक करायचे की नाही, हे त्यांचा उपदेश ऐकून मिशनचे साहेब ठरवणार होते. नाहीतर बाहेरचा माणूस येणार. साहेब मुंबईहून बोटीने आले, आणि मास्तर पहाटेच होडीने खाडीपलीकडे भाट्याला गेलेले. लूका नावाचा एक दारुडा मंडळीशी भांडून गेला होता, त्याची समजूत काढायला. नेमके त्याच दिवशी! जन्म खाडीकाठी गेला, पण ओहोटीची वेळ विसरले. येताना होडी चिखलात रुतली. आम्ही सात गीते गायली. साहेबांनी घड्याळ खिशात ठेवले आणि ते बंदराकडे निघून गेले.

त्यानंतर मास्तर आले. गुडघ्यापर्यंत चिखल, मागे मान खाली घालून लूका.

"नव्व्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकामागं जायचं असतं," ते म्हणाले.

"आणि त्या नव्व्याण्णवांनी काय करायचं?" मी विचारले.

ते तांब्या उचलून लूकाच्या पायांवर पाणी घालू लागले.

बाहेरचा पाळक आला. मास्तरांची पूर्णगडला बदली झाली. नवे पाळक बोलत छान, पण त्यांना कोणाचे नाव आठवत नसे. वर्षभरातच त्यांच्याशी माझे वाजले आणि मी उपासनेला जाणे सोडले. एक रविवार गेला, दुसरा, तिसरा. मंडळीतले कोणी फिरकले नाही. मग एका सोमवारी दारात मास्तर उभे, पूर्णगडाहून चालत आलेले.

मी त्यांना पायरीवरच अडवले. "त्या दिवशी वेळेवर आला असतात, तर ही पाळी आली नसती."

"खरं गो बाय," ते म्हणाले. "पण त्या दिवशी तू हरवली नव्हतीस."

माझा राग गेला नाही. अजूनही गेलेला नाही. मी आतून तांब्या आणला, त्यांच्या धुळीने भरलेल्या पायांवर पाणी घातले, आणि पुढच्या रविवारी चर्चला गेले.