हरणीच्या पोटातली लाल गाठ

अभयारण्यात सगळे त्याला लेंडीवाला म्हणत. नोकरी वनरक्षकाची, पण साहेबांनी कामच तसं दिलेलं. रोज पाणवठ्याभोवतीच्या लेंड्या गोळा करायच्या, काडीनं फोडायच्या आणि हरणं काय खातात ते बघायचं. वीस वर्षांत त्याला त्या कामाची कधी घाण वाटली नाही. घाण वाटायची ती पर्यटकांची. सकाळीच जवळच्या समुद्रात डुंबून ही मंडळी ओल्या चड्ड्यांनीच जीपमध्ये चढायची. आल्या आल्या वाघ हवा. तो दिसला नाही की हरणांना शेंगदाणे फेकायचे आणि वर पिशवीही तिथंच भिरकावायची. जीव तोडून सांगावं तर दात काढायचे! अलीकडे लेंडी फोडली की आत प्लॅस्टिक निघे आणि त्याच्या डोक्यात तिडीक जाई. ज्याच्या पिशव्या आत सापडतील त्याचा फाटकावरचा गाळा बंद, असा नियमही त्यानं साहेबांच्या मागे लागून करून घेतला होता.

त्या दिवशी फाटक्या कानाची हरणी मेली. पाडस असल्यापासून तो तिला ओळखत होता. वनखात्याच्या डॉक्टरांनी पोट फाडलं तर आत उशीएवढा प्लॅस्टिकचा गोळा. लेंडीवाला शिव्या हासडत एकेक पिशवी सोडवू लागला आणि मध्येच एक पिशवी उजेडात धरून बघू लागला. बऱ्याच पिशव्यांची तोंडं लाल दोऱ्यानं बांधलेली होती, दुहेरी गाठ मारून. फाटकावर शेंगदाणे विकणारी त्याची बायको अशी गाठ मारायची. दुसरं कुणीच नाही.

“कुणाच्या रे या?” डॉक्टरांनी विचारलं.

“काय माहीत, साहेब.”



घरी बायको पिशव्याच बांधत बसली होती. त्यानं सगळं सांगितलं.

“मी माणसांच्या हातात देते, हरणाच्या तोंडात कोंबत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही माझं नाव सांगितलंत?”

“नाही.”

“मग झालं तर. हात धुवा, वाढते.”

त्यानं हात तीनदा धुतले आणि ताट तसंच ठेवून उठला.

सकाळी तो डॉक्टरांच्या दारात उभा राहिला. “साहेब, काल मी खोटं बोललो. त्या पिशव्या माझ्या घरच्या आहेत.”

डॉक्टरांनी चहाचा कप खालीसुद्धा ठेवला नाही. “कसल्या पिशव्या? म्हातारपणानं मेली, असं लिहून कागद गेलापण. ऐन सीझनमध्ये बोंब कशाला? जा, गाड्या आल्यात.”

हरणी चार वर्षांची होती.

तो फाटकावर आला. बायकोभोवती ही गर्दी. टॉवेलनं डोकं पुसणाऱ्या एका गृहस्थानं शेंगदाण्याची पिशवी घेतली आणि त्यालाच विचारलं, “हरणं कुठं दिसतील हो?”

नेहमीची शिवी ओठांवर आली. बायको बघत होती.

“सरळ जा, पाणवठ्यावर असतील,” तो म्हणाला, आणि भिंतीमागे जाऊन भडाभडा ओकला.