धर्मामामाने राखून ठेवलेलं नाव

आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यात छत्र्या साठायच्या. मयताचे नातेवाईक येत, छत्री भिंतीला टेकवत, रडत, कागदावर सही करत आणि छत्री तिथेच विसरून जात. न्यायला परत कोणी येत नसे. शवागारात विसरलेली छत्री आणायला कोण कशाला येईल! माझ्याकडच्या किश्श्यांचं तसंच झालंय. मी काही ते जमवायला गेलो नव्हतो. दोन हजार सालानंतर पनवेलजवळच्या एका सरकारी रुग्णालयात लागलो आणि पुढची पंधरा वर्षं संशयास्पद आणि अपघाती मृत्यूंची शवविच्छेदनं केली. घरी जेवताना हे विषय काढायला बायकोची सक्त मनाई आहे. म्हणून तुम्हाला सांगतो.

आणि भीतीबिती वाटून घेऊ नका. मला ती वर्षं आठवतात ती दुपारी डुलकी लागल्यावर पडणाऱ्या स्वप्नासारखी. आमची पोस्टमॉर्टेमची खोली, म्हणजे पीएम रूम, इमारतीच्या मागच्या अंगाला होती. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक चौकोन आत यायचा आणि दिवसभर भिंतीवरून सरकत राहायचा. सूर्यास्तानंतर पीएम करायचं नाही हा तेव्हाचा नियम, त्यामुळे तो चौकोन हेच आमचं घड्याळ. खाडीवरून खारा वारा यायचा, आणि खरं सांगतो, तिथे फार शांत वाटायचं.

* * *

पहिल्याच दिवशी धर्मामामा भेटला. शवागारातला मदतनीस, उरणकडच्या खाडीकाठचा कोळी, वय पन्नाशीच्या पुढचं. कुलूप काढलं आणि दार ढकलण्याआधी त्याने त्यावर तीनदा टकटक केलं. मग थांबला. मी पुण्याहून ताजा ताजा एमडी होऊन आलेलो, मला हसूच आलं.

"मामा, आतून कोण उघडणार आहे?"

"उगडायला नाय, साहेब," मामा म्हणाला. "त्यांना जरा सावरून घ्यायला नको?"

महिन्याभरात मीही टकटक करायला लागलो. अजून स्वतःच्या घराच्या बाथरूमवरही करतो.

* * *

खाडीत सापडलेली प्रेतं बरेचदा बेवारस असत. पोलिसांच्या कागदावर 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे चाळीस' एवढंच. मामाला हे पटत नसे. "आयनं काय अनोळखी म्हनून पालन्यात घातला व्हता का?" असं म्हणून तो प्रत्येकाला स्वतःच नाव द्यायचा आणि शेवटपर्यंत त्याच नावाने बोलायचा. "पांडुरंगा, जरा कुशीवर व्हा." "काशिनाथ, झालंच हां आता."

पंचनामे घेऊन येणारे कदम हवालदार साताऱ्याचे. एकदा एका गलेलठ्ठ इसमाला मामाने बापूराव नाव ठेवलं. कदम उखडले. "ओ मामा, आमच्या सासऱ्यांचं नाव आहे ते! ठणठणीत आहेत ते!"

"मंग रागावता कशाला? हा पन कालपरत ठनठनीतच व्हता!"

कधी महिन्या-दोन महिन्यांनी फोटोवरून ओळख पटायची आणि खरं नाव वेगळंच निघायचं. तेव्हा मामा त्या फोटोपुढे हात जोडून म्हणायचा, "माफ करा हां, आमी तुमाला काशिनाथ समजत व्हतो."

मामाने किती नावं दिली असतील कोण जाणे. पण एक नाव तो कधीच कोणाला देत नसे. हिराजी. त्याच्या थोरल्या भावाचं. हिराजी होडी घेऊन समुद्रावर गेला होता तो आलाच नाही. होडी मिळाली, तो नाही मिळाला. त्याला तेव्हाच वीस वर्षं होऊन गेली होती. "ते नाव राखून ठेवलंय, साहेब," मामा एवढंच म्हणाला. बुडालेला कोणीही आला, की मामा चादर आधी पायाकडून का उचलायचा, किती लांबीचा माणूस आहे ते का बघायचा, ते मला त्या दिवशी कळलं.

* * *

आमच्या पेशातल्या माणसाला समाजात मान असतो, पण लांबून. मी खांदा कॉलनीत राहायचो. शेजारी कोणी तापाला, खोकल्याला मला बोलवत नसे. एकदा समोरच्या जोशीकाकूंना चक्कर आली. काका घाबरून धावत आले, मी तसाच बनियनवर गेलो. काकू सोफ्यावर डोळे मिटून पडलेल्या. मी नाडी धरली. काकूंनी डोळे किलकिले केले, मला पाहिलं आणि ताडकन उठून बसल्या.

"अहो डॉक्टर, इतक्यात नको!"

चक्कर गेली ती गेलीच. माझ्या हाताचा इतका झटपट गुण दुसऱ्या कोणाला आलेला नाही.

* * *

आता जरा गंभीर. एका माणसाचं प्रेत खाडीत मिळालं. डोक्याला मार. चुलतभावाचा जबाब असा, की पौर्णिमेला संध्याकाळी सहाच्या सुमारास जुन्या धक्क्यावरून पाय घसरला, दगडावर डोकं आपटलं, पाण्यात पडला आणि डोळ्यांदेखत वाहून गेला. फुप्फुसं बघून मला काही हा बुडून मेलेला वाटेना. पण मार दगडाचा की दुसऱ्या कशाचा, यावर मी अडलो होतो.

मामा हात धूत होता. म्हणाला, "पुनवेच्या सांजला त्या धक्क्याखाली पानीच नसतं, साहेब. ओहोटी. निवल चिखल. वाऊन कसा जाल?"

कदमांनी पेन खाली ठेवलं. "आता हे कागदावर कसं लिहू? साक्षीदार म्हणून काय चंद्राचं नाव घालू?"

"घाला की! तुमच्या पंचांसारखा नाय तो. तारखेला हजर ऱ्हातो!"

कदम स्वतः पुढच्या पौर्णिमेला बूट हातात घेऊन त्या चिखलात उभे राहून आले. मग चुलतभाऊ खरं बोलला.

* * *

दुपारच्या जेवणानंतर मामा व्हरांड्यातल्या रिकाम्या स्ट्रेचरवर लवंडायचा. तोंडावर टॉवेल, हात छातीवर. एका दुपारी कुठल्याशा पक्षाचे कार्यकर्ते त्यांच्या गावच्या सरपंचांचा देह न्यायला आले. सरपंच आत होते. कार्यकर्त्यांनी व्हरांड्यातच स्ट्रेचर पाहिलं, टोप्या काढल्या, भलामोठा ओला हार मामाच्या अंगावर वाहिला आणि घोषणा द्यायला सुरुवात केली. मामाने टॉवेल बाजूला केला.

"हार बेस हाय," तो म्हणाला. "पन मानूस चुकला."

दोन कार्यकर्ते फाटकापर्यंत पळाले. आम्ही पोट धरधरून हसलो. मामा मात्र हसला नाही. त्या ओल्या हाराचे थेंब तोंडावर पडले तेव्हा तो स्वप्नात होडीत होता म्हणे. हिराजी समोर उभा, हातात वल्हं, ताडमाड. "सहा फुटाच्या वर व्हता, साहेब. घरात शिरताना दर खेपेला चौकटीला डोकं आपटायचा. मना वाटलं, तोच पानी शिंपडून उठवतोय."

बराच वेळ तो हार तसाच गळ्यात घालून बसून राहिला.

* * *

हिराजीची बायको, सोनूवहिनी, पनवेलला मासळी विकायला यायची. परतीच्या वाटेवर रिकामी पाटी घेऊन आमच्या दाराशी थांबायची आणि मामाला विचारायची, "आला का?"

'सापडला का' असं तिने कधी विचारलं नाही. मामा मान हलवायचा आणि ती जायची.

पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, मासळी बंद झाली, पण येणं चालूच. लेक सुकापूरला फ्लॅटमध्ये राहायची, हातापाया पडून न्यायला बघायची. एका पावसाळ्यात घराची अर्धी कौलं गेली. वहिनी उरलेल्या अर्ध्या छपराखाली एकटी. मामा रोज दुसऱ्या आळीतून डबा पोचवायचा आणि शिव्या घालून यायचा. एकदा तर ओल्या जमिनीवर पडून ती रात्रभर तशीच होती. त्या दिवशी मीही रागावलो. "वहिनी, एखाद्या दिवशी जीव जाईल. जा ना लेकीकडे!"

"कशी जाऊ, डाक्टर?" ती म्हणाली. "तो आला नि दाराला कुलूप दिसलं, त जाल कुठं?"



* * *

त्याच सुमाराला खाडीकाठी भरावाचं काम चालू असताना हाडं निघाली. जुनी, चिखलाने काळी पडलेली. मोजपट्टीचं एक टोक माझ्या हातात, एक मामाच्या. मी आकडे सांगत होतो, कदम लिहीत होते. मांडीच्या हाडावरून उंची पाच फूट दोन इंच, फार तर तीन. अक्कलदाढा जबड्यातच होत्या, वर आलेल्या नव्हत्या. म्हणजे विशीच्या आतला पोरगा.

"मामा, याचं नाव?"

"सांगतो, साहेब. दमा जरा."

नमुने प्रयोगशाळेत गेले. महिने लोटले. वारस कोणी आला नाही, कुठल्या हरवलेल्याशी काही जुळलं नाही, आणि शेवटी अंत्यसंस्काराची परवानगी आली. अशा बेवारसांचे संस्कार मामाच करायचा, त्यात नवीन काही नव्हतं. पण त्या सकाळी तो पांढरा धुतलेला शर्ट घालून आला. मागे लेकीचा हात धरून सोनूवहिनी. मामाने दारावर तीनदा टकटक केलं. थांबला. आत आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"हिराजी."

कदमांनी माझ्याकडे पाहिलं. कोर्टात मोठमोठ्या वकिलांपुढे मी कधी अर्धा इंच सोडलेला नाही, हे त्यांना माहीत होतं. कागदावर 'अनोळखी' होतं ते तसंच राहणार होतं. बोलायचं की नाही, ते फक्त माझ्यावर होतं.

मी म्हणालो, "बरं, मामा."

त्याचा राग आला नाही मला. इतकी वर्षं जपलेलं नाव त्याने देऊन टाकलं होतं.

पांढऱ्या कापडात बांधलेलं ते गाठोडं वहिनीपुढे ठेवलं. डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून ती हाताने चाचपायला लागली. जाळी विणणारी बाई ती, जन्मभर वितीने मापं घेतलेली. मांडीचं हाड कापडावरून तिच्या हाताला लागलं. एक वीत. दोन विती. तिथे हाड संपलं आणि तिचा हात थांबला.

मामा जमिनीकडे बघत होता. उन्हाचा चौकोन भिंतीवरून खाली येऊन तिच्या पाठीवर पडला होता. मग वहिनीने ते गाठोडं उचललं, मांडीवर घेतलं, आणि बराच वेळ थोपटत राहिली.

खाडीकाठी सगळं रीतसर झालं. दुपारी ती परत आली तेव्हा कपाळ पुसलेलं होतं. मामा बाहेर रिक्षा बघत होता. तिने पदराची गाठ सोडली, एक गंजकी किल्ली काढली आणि चाचपडत माझ्या हातावर ठेवली.

"कुलूप लावलंय घराला. सुकापूरला चालले लेकीकडं," ती म्हणाली. "ही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, डाक्टर. दर्यातून कोन पन आला, त पयला तुमच्याच दाराशी येतो."