इचिकावात परत आलेली पिशवी

जपानला जायचं ठरवलं ते काही चेरीची फुलं बघायला नाही. पुण्यात आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलंय आणि नव्या इमारतीत किती खोल्या हव्यात, ते मार्चअखेर लिहून द्यायचं होतं. माझ्या एकटीपुरता वन बीएचके, की मुलगा, सून, नात सगळे मावतील असा थ्री बीएचके? निखिल नऊ वर्षं तिकडे आयटीत आहे आणि नऊही वर्षं "दोन वर्षांत येतो" म्हणतोय. फोनवर विचारलं की "बघू गं." हे असते तर त्यांनीच खडसावून विचारलं असतं, पण त्यांना जाऊन चार वर्षं झाली. म्हटलं, आपणच समोर बसून विचारू. फेब्रुवारीत तिकीट स्वस्त मिळालं, गुडघ्याला पट्टा बांधला आणि निघाले.

दिल्लीमार्गे नारिता विमानतळ. तिथून निखिलच्या गावाला, इचिकावाला, थेट ट्रेन आहे, सव्वा तासाची, टॅक्सीच्या फंदात पडू नका. फेब्रुवारीत जाणार असाल तर मनाची तयारी मात्र ठेवा. आभाळ राखाडी, झाडांचे खराटे झालेले, आणि गाडीत शंभर माणसं असून शब्द नाही. न्यायला आलेल्या निखिलशी मी दोन वाक्यं बोलले तर तो कानाशी येऊन म्हणाला, "आई, हळू." स्वागताचे पहिले शब्द हे.

इचिकावा हे टोकियोला नोकरीला जाणाऱ्यांचं गाव. सकाळी सगळे स्टेशनकडे पळतात, आणि मग दिवसभर रस्त्यावर माझ्यासारखे म्हातारे तेवढे उरतात. निखिल आणि सून ऋचा सातला निघायचे, सात वर्षांची इरा एकटी चालत शाळेत जायची. मी नदीच्या बांधावर फेरी मारायची आणि कोपऱ्यावरच्या कोम्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, भाताचा त्रिकोणी गोळा आणायची. दीडशे येनच्या आसपास पडतो. शाकाहाऱ्यांनी आत खारवलेलं आंबट फळ असलेला घ्यावा, बाकी बहुतेकांत मासा निघतो. संध्याकाळी इराशी मराठीत बोलायला जायचे, तर ती जपानीत उत्तर देऊन तिच्या वहीत डोकं घालायची. मला फार एकटं वाटायचं. सांगून टाकते.

म्हणून मी घरकामात लुडबुड सुरू केली. फ्रिजवर कचऱ्याचा तक्ता होता, रंगीत चित्रांचा: जळणारा कचरा कधी, काच कधी, प्लॅस्टिक कधी. पिशव्या ठरलेल्याच, आणि त्या आठच्या आत खाली ठेवायच्या. तीस वर्षं शाळेचं वेळापत्रक लावणाऱ्या बाईला यात काय अवघड? गुरुवारी दोघं गेल्यावर घरातला कचरा गोळा केला. बाल्कनीच्या कोपऱ्यात आपल्याकडच्या साडीच्या दुकानाची एक पिशवी गच्च गाठ मारून ठेवलेली दिसली, तीही त्यातच घातली आणि खाली कावळ्यांनी उपसू नये म्हणून लावलेल्या जाळीत ठेवून आले. मोठी कामाची मी!

दहाला बाल्कनीतून बघते तर सगळ्या पिशव्या गेलेल्या, माझी एकटीच तिथे, वर लाल चिठ्ठी चिकटवलेली. हात दाखवून अवलक्षण. शेजाऱ्यांनी बघायच्या आत ती उचलून वर आणली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि निवडायला बसले. साडीच्या पिशवीची गाठ सोडली तर आत काचेच्या सहा बरण्या निघाल्या. माझ्याच, पुण्याहून पाठवलेल्या. लिंबाचं गोड लोणचं, मेतकूट, गोडा मसाला. झाकणांवरचं सीलसुद्धा तसंच. एकीवर माझ्या अक्षरातली पट्टी होती: "इरासाठी, तिखट कमी."

रडले थोडी, खोटं कशाला बोलू. मग उठले. लोणचं, मसाला जळणाऱ्या कचऱ्यात. झाकणं धातूत. बरण्या गरम पाण्याने घासून सिंकपाशी पालथ्या घातल्या.

संध्याकाळी निखिलने त्या पाहिल्या आणि कोट न काढताच उभा राहिला.

"आई, ते..."

"काच बुधवारी असते. मी तक्त्यात पाहिलं."

तो खुर्चीत बसला. "तू विचारायचीस, संपलं का? तुला वाईट वाटेल म्हणून मी हो म्हणायचो. मग तू आणखी पाठवायचीस. आम्ही आता तसं जेवतच नाही गं. तू यायच्या आधी टाकायचं होतं, काचेचा वार चुकला."

"सरळ सांगायचंस."

"तुला?" तो म्हणाला.

"संपलं" आणि "दोन वर्षांत येतो" ही एकाच माणसाची दोन उत्तरं होती, हे मला तेव्हा कळलं. तरी प्रश्न विचारला नाही. भीती वाटली.

रविवारी ऋचा म्हणाली, "आई, तुम्हाला त्सुकुबाला एक जागा दाखवायची आहे." तिला तिथल्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली होती. आधी टोकियोतलं अकिहाबारा स्टेशन, तिथून जलद गाडीने पाऊण तास, भाडं बाराशे येनच्या घरात. गाव आखीवरेखीव, रस्ते रुंद, लांबवर दोन शिखरांचा डोंगर. पाऊस भुरभुरत होता. बसने गेलो ते एका अर्धवट बांधलेल्या लाकडी घरापाशी. नुसता सांगाडा, वर छप्पर.

"आपलं आहे," निखिल म्हणाला. "ही खोली तुझी. येशील तेव्हा."

"आणि पुण्याला?"

"येऊ की. सुट्टीत."

झालं. ज्यासाठी एवढा समुद्र ओलांडला, ते उत्तर तीन शब्दांचं होतं. निदान या वेळी खरं होतं. इरा त्या खोलीत उभी राहून जपानीत काहीतरी म्हणाली. ऋचाने सांगितलं, "ती म्हणतेय, आजीचा पलंग खिडकीशी ठेवायचा." मी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. लाकूड ओलं होतं.

परत येऊन पंधरा दिवस झाले. जपान कसं वाटलं, म्हणून सगळे विचारतात. स्वच्छ आहे, माणसं सभ्य आहेत, पायात चांगले बूट हवेत. जरूर जा. मुलांना भेटायला जात असाल तर बरण्या नेऊ नका, आधी विचारा. मी माझ्या सहाही बरण्या बॅगेतून परत आणल्या.

काल सोसायटीच्या ऑफिसात फॉर्म भरला. सेक्रेटरी देशपांडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "वहिनी, वन बीएचके? नीट विचार करा. मुलगा आला की कुठे राहील?"

"हॉलमध्ये," मी म्हटलं. "पाहुण्यांना आपण हॉलमध्येच झोपवतो ना?"