अंगण बघून होकार

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

राजारामपुरीतल्या आमच्या भाड्याच्या घराचं अंगण मी जिवापाड जपलंय. हिरवळ, जास्वंद सगळं माझ्या हातचं. आज घरमालक काका आपल्या लग्नाच्या पोराला आणि मुलीकडच्या पावण्यांना घेऊन आले. लग्नानंतर मुलगा इथंच राहणार म्हणे!

मुलगी हिरवळीवर अनवाणी फिरली. "एवढी निगा कोण राखतं?"

काका बेधडक म्हणाले, "आमचा पोरगाच की! झाडांचं लई याड हाय त्याला."

पोरगा नुसता हसला. मी चहाचा ट्रे पुढं केला.

पावणं गेल्यावर त्यानं जास्वंदीच्या बुंध्यातच गुटखा थुंकला.

आत्ता काकांचा फोन आला. "होकार आला बघा! तेवढं घर मोकळं करा."

घर मिळेल दुसरं. पण ती पोरगी नेमकं कुणाला 'हो' म्हणालीय, हे तिला मी सांगू का?