पळसाच्या पानांचा वैमानिक

स्वतःच्या अंत्यविधीला मला थोडा उशीर झाला. (गाडीचा बैल वाटेतच बसला. माझा इलाज नव्हता!)

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातली ही गोष्ट. धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलात आमचं गाव. धान पेरणाऱ्या घरातला मी, तुळशीराम, नागपूरला विमान चालवायला शिकलो आणि मुंबईच्या एका मालवाहू विमान कंपनीत वैमानिकाच्या जागेसाठी अर्ज केला. अर्जावर घरच्या माणसाची संमती हवी होती, म्हणून तो घेऊन मायकडे आलो.

त्यात एक रकाना होता, 'अपघात झाल्यास तार कोणास करावी?'

"हे काय लिवलं हाये?" मायनं विचारलं.

"मले काई झालं तं कंपनी तुले तार करन."

"म्हंजे तार आली की तू गेला."

"तसं नाई व माय..."

"मंग कसं?"

"हो, तसंच!" मी म्हणालो. (मला आभाळात जायची घाई झाली होती. पुढचं सगळं रामायण या एका शब्दानं घडवलं.)

मायनं अंगठा उठवला, पण दम भरून. "एकच पोरगा हाये मले. एकडाव जरी जीव घाबरवला, तं पुन्हा इमानात बसू देनार नाई. आंगठा देल्ला तसा वापस घेईन!"

नोकरी लागली. सहा महिने उमेदवारी, मग कायम. मुंबईहून कापडाचे गठ्ठे उचलायचे, नागपूरला तेल भरायचं, विशाखापट्टणमला टेकायचं आणि तिथून समुद्रावरून थेट रंगून! मी एक लोखंडी पेटी घेतली आणि तिच्यावर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं, 'तुळशीराम, वैमानिक'. पेटीत नवाकोरा गणवेश, टोपी आणि काळा चष्मा. विमान आमच्या गावावरून जायचं, तेव्हा बा शेतात उभा राहून सगळ्यांना सांगायचा, "आमचा तुळशा चालला!" (तुळशा तेव्हा मागे बसून कॅप्टनसाहेबांसाठी चहा ओतत असे.)

उमेदवारीचे पंधरा दिवस उरले असताना, नेमकं आमच्याच जंगलावर, डावं इंजिन खोकलं, धुरकटलं आणि गप्प झालं.

"वजन कमी करा! फेका!" कॅप्टनसाहेब ओरडले.

मी दार उघडून मांजरपाटाचे गठ्ठे ढकलले. एक, दोन, वीस! विमान तरी खालीच.

"ती पेटी?"

"साहेब, ती माझी आहे!"

"मग तिच्याबरोबर जाता का?"

पेटी गेली. विमान हलकं झालं आणि आम्ही एका इंजिनावर रडतखडत नागपूरला परत उतरलो. पाय जमिनीला लागताच मी शहाण्यासारखं पहिलं काम केलं. घरी तार ठोकली, 'सुखरूप आहे. काळजी नको.' मग चौकशी सुरू झाली आणि आठ दिवस मला नागपूर सोडता आलं नाही.

नवव्या दिवशी गावाकडे निघालो. बैल बसला त्या ठिकाणाहून शेवटचे दोन कोस पायी. थंडीची सकाळ, दाट धुकं, आणि जंगलात एका पाखराचाही आवाज नाही. एका वळणावर मी थिजलोच. समोर सागाच्या शेंड्यांवरून पांढरं काहीतरी खाली लोंबत होतं. एक नाही, दहा-वीस! वारा नव्हता, तरी त्यातलं एक हळूहळू माझ्याकडे वळलं. मी रामनाम घेत डोळे मिटले. उघडले तेव्हा लक्षात आलं, हा आपणच फेकलेला मांजरपाट! फुटलेल्या गठ्ठ्यांची ठाणंच्या ठाणं झाडांवर उलगडली होती. मी हसलो, पण ते हसणं जंगलात मला एकट्यालाच ऐकू आलं आणि ते काही बरं वाटलं नाही.

गावाच्या शिवारात माणूस नाही. खळ्यावर कोणी नाही. नाल्याच्या काठावरून मात्र धूर येत होता, तिकडे आमची मसणवट. मी झुडपांतून वाकून पाहिलं.

सरणावर मी झोपलो होतो.

माझाच गणवेश, माझीच टोपी, माझाच काळा चष्मा! बाह्यांतून पळसाची पानं बाहेर आलेली, डोक्याच्या जागी नारळ. देह सापडत नाही तेव्हा आमच्याकडे पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात, आणि आठ दिवस जंगल धुंडाळूनही माझा देह सापडला नव्हता. पेटी आभाळातून पडली, तिच्यावर माझं नाव, म्हणजे मीही कुठेतरी पडलोच असणार! त्या नारळानं चष्म्यातून माझ्याकडे असं पाहिलं की क्षणभर मलाच शंका आली, आपल्या दोघांतला खरा कोण?

त्याच्या छातीवर एक गुलाबी कागद जळत होता. तार होती ती. न फोडलेली!

आणि मंडळी पाठ फिरवून गावाकडे निघाली होती. मसणवटीतून निघालं की मागे वळून पाहायचं नाही, ही रीत. मी धावलो.

"बा! ओ बा!"

सगळ्यांचे खांदे एकदम कानांपर्यंत वर गेले. मान मात्र एकाचीही वळली नाही.

"मांगं पाहू नोका कोनी!" सीतारामभाऊ ओरडले. गावातले विधी तेच सांगत. "त्याचाच आवाज हाये!"

"भाऊ, मी जित्ता हावो!"

"सारेच असं म्हनतेत! चाला, चाला!"

ते भरभर चालू लागले, मीही भरभर. ते पळू लागले, मीही! धुक्यात पुढे वीस पाठी, मागे मी. बा पळता पळता रडत होता. "काऊन छळून राह्यला बापू? सारं रीतीनं केलं ना तुहं?"

"बा, मी तार धाडली होती! फोडली काऊन नाई?"

"तार आली म्हंजे तू गेला, तूच तं सांगतलं होतं मायले! पेटीनं आदीच समजलं, मंग फोडाची कायले? तुही तार तुह्याच छातीवर ठेवली, लेकरा! आता जाय!"

मी तसाच मागून पळत राहिलो. 

गावात शिरताच दारं धडाधड बंद झाली. आमच्या अंगणात मात्र माय एकटी बसली होती. डोळे सुजलेले, नजर शून्यात. तिनं मला पाहिलं. किंचाळली नाही, उठली नाही. नुसतं म्हणाली, "पाय दाखव."

भुताचे पाय उलटे असतात. मी कंपनीचे बूट काढले, मोजे काढले आणि थंडगार शेणसड्यावर उभा राहिलो. मायनं पुढे होऊन माझी बोटं एकेक चाचपली. मग उठून एक सणसणीत मुस्काटात ठेवून दिली आणि मला मिठी मारून असा हंबरडा फोडला की दारं एकेक करून उघडली. तेव्हा मीही रडलो. त्या क्षणापर्यंत, खरं सांगतो, मी जिवंत आहे याची मलाही पक्की खात्री नव्हती.

पण सीतारामभाऊ उंबऱ्यात आडवे आले. "अग्नी देल्ला त्याले. आता घरात याचं असन तं पुन्हा जलम घ्या लागन!"

मग माझा जन्म झाला. आंघोळ घालून, मांजरपाटात गुंडाळून मला सुपात ठेवण्यात आलं. (सुपात फक्त डोकं मावलं. बाकीचा वैमानिक अंगणभर पसरला होता.) बारशाची वेळ आली तेव्हा मायनं कानात जुनंच नाव सांगितलं. म्हणाली, "पेटीवर रंगवलं हाये. आता कोन खोडत बसन?"

मी सुपातूनच हळूच विचारलं, "माय, चार दिवसांनी मुंबईले हजर व्हा लागते. नाई गेलो तं नोकरी गेली."

"इमानवाला जळला," माय म्हणाली. "हा आजचा जलमला हाये. हा कुठी जात नाई."

   दोन दिवस मायनं मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी बांधून देताना तिनं मान वर न करता सांगितलं, "जाय. पन तार नोको करू. वरून जाशीन तं काई पाडू नोको. काई पडलं नाई, म्हंजे तू हायेस."

ते वचन मी आयुष्यभर पाळलं. रंगूनच्या पुढेही कितीतरी समुद्र ओलांडले, पण विमानातून संत्र्याचं सालसुद्धा खाली जाऊ दिलं नाही. माय होती तोवर ती विमानाच्या आवाजाला अंगणात यायची, आवाज विरेपर्यंत वर बघायची आणि मग खाली जमिनीवर बघून घरात जायची.

आता निवृत्त होऊन घरीच बसलोय. पण हातातून चहाची बशी जरी पडली, तरी आधी वाकून स्वतःचे पाय बघतो, सरळ आहेत ना!