लिंबू मी पिळलं होतं

ईशा, निखिल,

मोठी आजी गेली हे फोनवर कळवलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "कशी होती गं ती?" मी म्हटलं, "मायाळू होती," आणि विषय बदलला. त्याला आता महिना झाला. तो एक शब्द मला रोज टोचतो आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ, यशोदाबाई. काटोलकडच्या शेतकरी घरातल्या, चौथी शिकलेल्या. मी लग्न होऊन सदर भागातल्या घरात आले ती बी.एस्सी. होऊन, आणि जवळच्याच इंग्रजी शाळेत मुलींना सायन्स शिकवू लागले. साठीचं दशक संपत आलं होतं. घरात शिकलेली सून म्हणून माझा मान होता, आणि तो मला आवडायचा. धाकटी नणंद कुंदा तेव्हा एकोणीस वर्षांची. तिच्या गालांवर सारखे फोड यायचे. ते जाऊबाईंनी चार महिन्यांत घालवले. त्या मसुराची डाळ रात्रभर दुधात भिजवून पाट्यावर गंधासारखी वाटत. तीत सावलीत वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड, चिमूटभर आंबेहळद आणि थोडी साय. बस, एवढंच.

"ओलं असतानाच धू वं. वाळू देऊ नको," त्या कुंदाला बजावत.

"काहून?"

"वाळलं का कातडं ओढते. गाल आहे थो, सारवाची भिंत नाही." मग माझ्याकडे बघून, "नलूच्या पुस्तकात काय लिहिलं आहे, थे तिलेच इचार."

मी हसत असे, पण ते मला लागायचं.

कुंदाला पाहायला अमरावतीची मंडळी यायची होती. मुलगा इंजिनिअर, सासूबाईंचा जीव त्या स्थळावर. त्या सकाळी जाऊबाईंनी लेप कालवून वाटी माझ्या हातात दिली. त्यांना पुरणाकडे बघायचं होतं. "नुसतं लावून दे. थोड्या वेळानं धुवाले लाव," म्हणाल्या. मी नुकतंच एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं की लिंबानं रंग उजळतो. आम्ल म्हणजे काय हे मी मुलींना फळ्यावर शिकवत होते... तरी एक अख्खं लिंबू त्या वाटीत पिळलं. वर कुंदाला गच्चीवर उन्हात बसवलं, नीट वाळावं म्हणून. ती म्हणाली, "नलूवहिनी, आग होऊन राहिली." मी म्हटलं, "म्हणजे काम करतंय."

तोंड धुतलं तेव्हा दोन्ही गाल लालभडक झाले होते. दुपारपर्यंत सुजले, पाणी धरलं. सासूबाई ओरडत स्वयंपाकघरात आल्या. "यशोदे, काय फासलं वं पोरीच्या तोंडाले? पाहुणे येऊन राहिले अन् हे असं!"

"नेहमीचंच आहे, आत्याबाई," जाऊबाई म्हणाल्या. मग त्यांनी वाटीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. थांबल्या. मी बोलेन म्हणूनच थांबल्या होत्या, हे तेव्हाही मला कळत होतं. मी कपबशा पुसत होते. मी बोलले ते असं : "मी म्हणतच होते, हे गावठी उपाय चेहऱ्याला लावू नयेत."

हे वाक्य आज सौम्य करून लिहिता आलं असतं. पण ते असंच होतं.

पावडर थापून कुंदाला बसवलं. मंडळी चहा घेऊन गेली, नकार आला. गाल महिन्याभरात बरे झाले, मन झालं नाही. दोन वर्षांनी तिचं दुसरीकडे जमलं. हळदीला थोरल्या वहिनीनं आधी हात लावायचा, ही आमच्या घरची रीत. जाऊबाई वाटी घेऊन पुढे आल्या तशी कुंदानं तोंड फिरवलं. "मोठी वहिनी नको. मले भेव लागते तिच्या हाताचं." सगळ्या बायकांसमोर. सासूबाईंनी दुसरी वाटी माझ्या हातात देऊन खूण केली. जाऊबाई बाजूला झाल्या. मला हळू आवाजात म्हणाल्या, "लाव. पण हात हलका ठेव."

त्यानंतर त्यांनी कोणासाठीही डाळ भिजवली नाही. दिवाळीचं उटणं बाजारातून येऊ लागलं. मी मात्र, घरातले ते सगळं विसरल्यावर, तोच लेप लिंबाशिवाय करायला लागले. तुमची आई तुम्हाला लावायची तो "आजीचा लेप" माझा नव्हे, त्यांचा.

शेवटची भेट मनीषनगरला, त्यांच्या मुलाच्या घरी. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. मी सुरुवात केली, "जाऊबाई, त्या लिंबाचं..."

"मले काय सांगतं वं? मले त्याच दिवशी वास आला होता." थोडा दम खाऊन म्हणाल्या, "कुंदाले सांग. एकदा येऊन बस म्हणावं माह्याजवळ."

मी हो म्हटलं. घरी आले. आज सांगू, उद्या सांगू करत आठ दिवस घालवले. नवव्या दिवशी सकाळी पुतण्याचा फोन आला.

तेराव्याला मनीषनगरलाच कुंदाला एका खोलीत नेलं आणि सांगितलं.

"नंदनवनच्या माह्या घरून इथं यायला मले अर्धा तास लागते, वहिनी," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी दारातूनच परत जात होती. अन् तुम्ही आज सांगून राहिल्या?"

मी माफी मागितली. तिनं पर्स उचलली आणि जेवायला न थांबता गेली. मी तीनदा फोन केला, तिनं घेतला नाही. घ्यावा असं मी म्हणणारही नाही.

कुंदाच्या हळदीचा एकच फोटो उरला आहे, तो माझ्याकडे आहे. त्यात मी कुंदाच्या गालाला हळद लावते आहे आणि मागे दाराशी यशोदाबाई उभ्या आहेत. त्यांच्या हातातली वाटी भरलेली आहे.